टीव्हीतली नीळ काढताना

भाच्यानं टीव्ही भिंतीवर टांगला, रिमोट माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "मामा, आता बघा. पिक्चर कसला नाद खुळा दिसतोय."

बघितला. 'कागज के फूल' लावला होता. गुरुदत्तच्या शर्टाला कुणीतरी बचकभर नीळ घालून ठेवली होती. आमची आई पांढऱ्या धोतराला नीळ द्यायची, एखाद्या वेळी हात जड पडला की वडील ते धोतर नेसून बाहेर जायला तयार नसायचे. हुबेहूब तो रंग. सिनेमा ब्लॅक अँड व्हाइट, आणि घरात मात्र निळा उजेड पडलेला.

ही गोष्ट २०१९ च्या दिवाळीतली. ऑगस्टच्या महापुरात सांगलीच्या गावभागातलं आमचं घर बुडालं, त्यात जुना डबा टीव्ही गेला. त्याचं काही वाटलं नाही. वाटलं ते निगेटिव्हचं. खालच्या खोलीत सव्वादोनशे पाकिटं होती, वडिलांच्या वेळेपासूनची. ओल्या निगेटिव्ह वाळू दिल्या की एकमेकींना चिकटतात, मग त्या सुटत नाहीत. म्हणून पाणी ओसरल्यावर लोक गाळ उपसत होते तेव्हा मी बादल्यांत स्वच्छ पाणी भरून त्यात फिल्म बुडवत बसलो होतो. शेजाऱ्यांना वाटलं, याचं डोकं फिरलं. साठेक पाकिटं वाचली. त्यानंतर आम्ही विश्रामबागेत वर, दुसऱ्या मजल्यावर राहायला आलो आणि हा पंचावन्न इंची टीव्ही घरात आला. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'फोर के एचडीआर'. फोर के म्हणजे ठिपके जास्त, आणि एचडीआर म्हणजे 'हाय डायनॅमिक रेंज', उजेड-अंधारातला फरक जास्त.

मी फोटोग्राफर. १९७९ साली वडिलांच्या हाताखाली डार्करूममध्ये शिरलो. ओर्वोचे रोल, उटीच्या कारखान्यातला 'इंदू'चा कागद, लाल दिवा, हायपोचा वास. लग्नाचे फोटो तेव्हा ब्लॅक अँड व्हाइटच असायचे. नवरीच्या शालूतला काळा आणि नवऱ्याच्या केसांतला काळा यांत फरक दिसला नाही तर वडील प्रिंट फाडून टाकायचे. त्यामुळे टीव्हीवर जुना सिनेमा बघताना माझं लक्ष कथेच्या आधी काळ्याकडे जातं. खोड आहे, जात नाही.

भाच्याला विचारलं, हा निळा का रे? तो म्हणाला, "असाच असतोय मामा, फोर के आहे न्हवं." मग मीच मेनूत शिरलो. पिक्चर मोड 'व्हिव्हिड', कलर टेंपरेचर 'कूल'. दुकानात पन्नास टीव्ही शेजारी शेजारी पेटलेले असतात. त्यात निळसर पांढरा डोळ्याला जास्त पांढरा वाटतो, म्हणून टीव्ही दुकानातल्या ट्यूबलाइटखाली उठून दिसेल असा लावलेला असतो. सिनेमा ज्या मॉनिटरवर तपासतात तिथला पांढरा ६,५०० केल्विनच्या आसपासचा असतो. टीव्हीचा 'कूल' त्याच्या बराच वर, निळ्याच्या बाजूला जातो. 'वॉर्म २' केलं की त्याच्या जवळपास येतो. पहिल्या दिवशी तो पिवळट वाटतो. हिला तर वाटला टीव्ही बिघडला. चौथ्या दिवशी मी मुद्दाम परत 'कूल' करून दाखवलं तेव्हा म्हणाली, "ईऽ, हे काय, दवाखान्यातल्यासारखं!" रंगीत सिनेमात ही चूक खपून जाते. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये मात्र लपायला दुसरा रंगच नसतो.

दुसरं भांडण पट्ट्यांवरून. 'कागज के फूल' हा १९५९ चा, आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप. चित्र लांबोडकं, म्हणून टीव्हीवर खाली-वर काळ्या पट्ट्या येतात. भाच्यानं त्या घालवायला 'झूम' दाबलेलं. हिशेब केला, रुंदीतलं जवळजवळ पाव चित्र दोन्ही कडांनी बाहेर गेलं होतं. कॅमेरामन व्ही. के. मूर्तींनी रिकाम्या स्टुडिओत माणूस एका कडेला उभा केला आणि बाकीचा पडदा मोकळा सोडला. तो मोकळा पडदाच कापला तर मग राहिलं काय? त्याच आठवड्यात 'संत तुकाराम' लावला तर उलटा प्रकार. १९३६ चा, प्रभातचा, चौकटीसारखा जवळजवळ चौकोनी सिनेमा. तो आडवा ताणून पडदा भरलेला. विष्णुपंत पागनीसांचे सडपातळ तुकोबा इंद्रायणीकाठी नव्हे, आमच्याकडच्या एखाद्या तालमीत वाढल्यासारखे दिसत होते. अभंग तेच, पण दंड पैलवानाचे.

पट्ट्या म्हणजे पैसे फुकट गेले असं लोकांना का वाटतं, मला कळत नाही. फोटोच्या माउंटलाही कडेनं कागद सोडतातच की.

मग हालचाल. एका सेकंदाला २४ चित्रं, हा बोलपटाचा ताल. टीव्हीला तो बघवत नाही. तो दोन चित्रांच्या मधलं तिसरं चित्र स्वतःच्या मनानं बनवून घुसवतो, आणि १९५९ चा सिनेमा काल संध्याकाळी मालिकेच्या सेटवर चित्रित केल्यासारखा गुळगुळीत पळायला लागतो. प्रत्येक कंपनीनं या सोयीला वेगळं गोंडस नाव दिलंय, त्यामुळे मेनूत शोधताना घाम निघतो. नावात 'मोशन' दिसलं की बंद करायचं, एवढं लक्षात ठेवलं. २०१८ मध्ये टॉम क्रूझनं व्हिडिओ करून लोकांना हेच सांगितलं होतं. विमानाला लटकणाऱ्या माणसानं आमच्यासाठी एवढं केलं, मला बरं वाटलं. ते बंद केल्यावर कॅमेरा आडवा फिरताना चित्र अडखळतं, ही तक्रार मात्र खरी आहे. त्यातला एक भाग टीव्हीचा नसून ओटीटी बघायला मागे खोचलेल्या स्टिकचा असतो. ती सगळं सेकंदाला ६० नं पाठवते. ६० ला २४ नं भाग जात नाही, मग एक चित्र दोनदा दाखवतात, पुढचं तीनदा. 'मॅच फ्रेम रेट' असं काहीसं स्टिकच्या मेनूत सापडलं तर चालू करा, निम्मं अडखळणं जातं.

शार्पनेस शून्यावर आणला तेव्हा भाचा हळहळला. पण तो वाढवला की तपशील वाढत नाही, वस्तूच्या कडेला पांढरी रेघ येते, एवढंच. 'नॉइज रिडक्शन' तर मी सगळ्यात आधी मारलं. टीव्हीला ग्रेन म्हणजे घाण वाटते. अरे बाबा, ग्रेन म्हणजेच फिल्म. चांदीचे कण आहेत ते, चित्र त्यांचंच बनलेलं आहे. ते पुसलं की चेहरे मेणाचे होतात. ओटीटीवरचा ग्रेन बघून मात्र मलाही वाईट वाटतं. तिथं डेटा वाचवायला इतकं दाबतात की कण राहत नाहीत, साबुदाण्याच्या खिचडीसारखे गोळे होतात. फोर के आहे की नाही यापेक्षा किती दाबलंय याचा फरक जास्त पडतो. पंचावन्न इंची टीव्ही नऊ-दहा फुटांवरून बघणाऱ्याला फुल एचडीचे ठिपकेसुद्धा वेगळे दिसत नाहीत, मग फोर केचे काय दिसणार? तरी चकतीवरचं, म्हणजे ब्लू-रे डिस्कवरचं, फोर के चांगलं दिसतं, कारण तिथं दाबायची घाई नसते.

आता उजेड. इथं मला थोडं थांबायचंय, कारण एचडीआरचा सगळा घोळ इथून सुरू होतो.

पडद्याचा उजेड निट्समध्ये मोजतात. एक चौरस मीटर पडद्याला एका मेणबत्तीच्या बेताचा उजेड म्हणजे एक निट, असं धरा. थिएटरच्या पडद्यावरचा पूर्ण पांढरा किती असावा? ४८ निट्स. बस्स. नेहमीचा, म्हणजे एसडीआर सिनेमा घरासाठी तयार करतात तो १०० निट्स धरून. आणि माझा टीव्ही 'व्हिव्हिड'वर तीनशेच्या आसपास ओकत होता. थिएटरात ४८ पुरतात, कारण तिथं बाकी सगळा काळोख असतो. आमच्या हॉलमध्ये ट्यूबलाइट, पांढऱ्या फरशा आणि समोर देव्हाऱ्यातला लाल बल्ब.

आमच्या जुन्या गल्लीत एक अण्णा होते, थिएटरात ऑपरेटर. कार्बनच्या कांड्या जाळून प्रोजेक्टर चालवायचे. त्यांना मी हा ४८ चा आकडा सांगितला तेव्हा ते खूप हसले. म्हणाले, "आरं, कांड्या वाचवाव्या म्हणून मालक करंट कमी ठेवायला लावायचा. तुझा निम्मा पिक्चर पिवळ्या उजेडात गेलाय." म्हणजे मी लहानपणी सांगलीत बघितला तो 'मूळ' सिनेमा असलाच तर पिवळा, अंधूक आणि रेघोट्यांचा. तो मला परत नकोय. मला हवाय तो कॅमेरामननं निगेटिव्हवर जे धरलं तो. हा फरक अण्णांमुळे डोक्यात पक्का बसला.

निगेटिव्हवर काय असतं हे डार्करूमवाल्याला सांगावं लागत नाही. ढग निगेटिव्हमध्ये असतात, कागदावर येत नाहीत. कागदाची झेपच तेवढी नसते. मग बाकीच्या फोटोवर हाताची सावली धरून एकट्या आभाळाला जास्त उजेड द्यायचा, बर्निंग करायचं, तेव्हा कुठं ढग उमटतात. सिनेमाच्या प्रिंटचंही तेच. निगेटिव्हमध्ये जेवढा उजेड-अंधार मावतो तेवढा प्रिंटमधून पडद्यावर कधीच पोचत नव्हता. एचडीआर हा माझ्या दृष्टीनं नवा, जास्त झेपेचा कागद आहे. त्यावर जुनी निगेटिव्ह पुन्हा छापता येते. छापणारा बरा असला तर.

हे कळल्यावर मला एचडीआर चकती बघायची हुक्की आली. भाच्याच्या पोराकडे गेम खेळायचा कन्सोल आहे, त्यात फोर केच्या चकत्या चालतात. या चकत्यांना रिजनची, म्हणजे एका देशातली दुसऱ्या देशात न चालण्याची, भानगड नसते, म्हणून अमेरिकेहून येणाऱ्या एका ओळखीच्या पोरीकडून दोन मागवल्या: 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' आणि 'कॅसाब्लांका'. पहिला १९६२ चा, ६५ मिलिमीटर फिल्मवर काढलेला; त्याची निगेटिव्ह पन्नाशीच्या निमित्तानं ८के मध्ये स्कॅन झाली. दुसरा १९४२ चा, ब्लॅक अँड व्हाइट.

पहिला रविवार फुकट गेला. टीव्ही एचडीआर घेईचना. केबल बदलली, शिव्या घातल्या. शेवटी सापडलं, की टीव्हीच्या त्या एका एचडीएमआय पोर्टसाठी वेगळी सेटिंग असते, जास्त डेटा घ्यायची, आणि ती कारखान्यातून बंद येते. ती चालू केल्यावर कोपऱ्यात 'एचडीआर' ही अक्षरं आली. आणि चित्र अंधारलं.

साडेबारा हजारांची वस्तू नव्हे ही, चांगले पैसे मोजलेले. लॉरेन्स काडी विझवतो आणि वाळवंटात सूर्य उगवतो, त्या जागी माझ्याकडे ढगाळ सकाळ झाली. वरच्या-खालच्या पट्ट्या काळ्याच्या राखाडी झाल्या. मागचा दिवा वाढवायला गेलो तर तो आधीच शंभरावर.

का, ते समजायला मला महिना लागला. एसडीआरमध्ये सिग्नल फक्त 'पूर्ण पांढरा' म्हणतो, तो किती उजळ हे आपण ठरवतो. एचडीआरमध्ये सिग्नल आकडा सांगतो: इथं इतके निट्स. ही मोजपट्टी १०,००० निट्सपर्यंत जाते. सूर्यासाठी, चकाकीसाठी हजारभर मागितले आणि टीव्हीकडे तीनशेच असले, तर त्याला सगळं दाबून बसवावं लागतं, आणि बसवताना चेहरेही खाली जातात. शिवाय त्या तीनशेसाठी तो मागचा दिवा कायम पूर्ण पेटवतो. माझ्या टीव्हीचे दिवे पडद्याच्या कडेला आहेत, चित्राच्या एका भागापुरते ते मंद करता येत नाहीत, म्हणून काळ्यातूनही उजेड पाझरतो. खोक्यावरच्या 'एचडीआर'चा अर्थ 'हा सिग्नल मला वाचता येतो' एवढाच होता. दाखवता येतो असं कुणी म्हटलंच नव्हतं. दुकानदाराला मी हे विचारायला गेलो तेव्हा त्यानं मला त्याहून महागडा टीव्ही दाखवला.

मिरजेत डॉक्टरांना तोटा नाही, त्यातले एक माझे जुने गिऱ्हाईक. त्यांच्याकडे पासष्ट इंची ओलेड आहे. चकत्या पिशवीत घालून स्कूटरवर गेलो. डॉक्टर उत्साही माणूस, सगळे दिवे लावून बसलेले. म्हटलं, "डॉक्टर, आधी ट्यूब घालवा." ओलेडमध्ये प्रत्येक ठिपका स्वतःच पेटतो आणि स्वतःच विझतो, काळा म्हणजे खरंच विझलेला. पण समोरची पांढरी भिंत उजळलेली असेल तर विझलेल्या काचेतही भिंतच दिसते. पडदे ओढले, मोड 'फिल्ममेकर' केला. हा मोड २०१९ मध्ये टीव्ही कंपन्या आणि दिग्दर्शकांनी मिळून ठरवला. त्यात मघाशी सांगितलेल्या खोड्या एका दमात बंद होतात.

काडी विझली. सूर्य आला. डॉक्टरांनी डोळे किंचित बारीक केले.

पण मला विचाराल तर सूर्यापेक्षा मोठी गोष्ट तंबूतली. रात्रीचा तंबू, एक कंदील, काळ्या कपड्यांची माणसं अंधारात बसलेली. माझ्या टीव्हीवर तो एक राखाडी डाग होता. इथं काळ्या कापडाची घडी काळ्या अंधारापासून वेगळी दिसत होती. शालू आणि केस. वडिलांनी ही प्रिंट फाडली नसती.

'कॅसाब्लांका'त तर भगभगीत असं काहीच नव्हतं. चांगल्या माणसानं छापलंय, पांढरा ओरडत नाही, दिव्याच्या काचेवर फक्त एक टोक चमकतं. फायदा वेगळ्याच जागी होता: सिगारेटचा धूर. आठ बिटच्या चित्रात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या, दहा बिटमध्ये १,०२४. रंगीत चित्रात तीन रंग एकमेकांच्या पायऱ्या झाकतात. ब्लॅक अँड व्हाइटला करड्याशिवाय आधार नाही. म्हणून धुरात, धुक्यात, आभाळात आठ बिटला घाटासारखे पट्टे दिसतात. इथं धूर नुसता विरत गेला. डॉक्टर म्हणाले, "म्हणजे एचडीआर उजेडासाठी नाहीच?" आहे हो, पण जुन्या सिनेमात तो मिठासारखा लागतो.

आवाजाबद्दल थोडक्यात. डॉक्टरांचे स्पीकर खोलीभर. एक जुनं गाणं लावलं तर गायिका समोर आणि तबलजी न्हाणीघराच्या दाराशी. मूळ आवाज एकाच जागेवरून येणारा, मोनो. तो मधल्या स्पीकरमधूनच येऊ द्या, टीव्ही किंवा साउंडबार जे 'सराउंड' स्वतःच्या पदरचं घालतात ते बंद करा. वहिनी आतून म्हणाल्याच, "आता कसं गाणं घरात आल्यासारखं वाटतंय."

यूट्यूबवर जुनी गाणी 'फोर के, एचडीआर, ६० एफपीएस, रंगीत' करून टाकणाऱ्यांबद्दल मी लिहिणार होतो, पण रक्तदाब वाढतो. त्यात निगेटिव्ह कुणी बघितलेलीच नसते. कुठल्या तरी झिजलेल्या प्रतीला इस्त्री करून वर झगमगाट शिंपडतात. मधुबालाच्या गालावर सुरकुती नको म्हणून गालच काढून टाकतात.

तर माझ्या टीव्हीचं मी काय केलं? बदलला नाही. जुने सिनेमे त्याच्यावर आता एसडीआरमध्येच बघतो, आणि एचडीआर चकतीसुद्धा कन्सोलला सांगून एसडीआरमध्ये उतरवून घेतो. काहींना हे पाप वाटेल. पण तीनशे निट्सच्या टीव्हीवर ती तशीच जास्त बरी दिसते, मी शेजारी शेजारी लावून बघितलंय. कन्सोलमध्ये एचडीआर 'कायम चालू' होतं तेही काढलं; त्यामुळे साधे सिनेमे उगाच एचडीआरच्या वेषात येत होते आणि धुऊन फिके पडल्यासारखे दिसत होते. रात्री मागचा दिवा पंचवीसवर. खोलीतल्या उजेडाप्रमाणे चित्र आपोआप खालीवर करणारा तो वीजबचतीचा डोळा बंद, नाहीतर खोलीत अंधार केला की टीव्हीही झोपतो. 'ब्राइटनेस' नावाच्या सेटिंगला मात्र हात लावला नाही. नाव फसवं आहे, ती खरं तर काळा किती काळा ते ठरवते. टीव्हीच्या मागे भिंतीवर पडेल असा एक मंद पांढरा दिवा लावलाय, डोळ्यांना बरं. देव्हाऱ्यातल्या लाल बल्बवरून घरात बोलणी झाली, शेवटी सिनेमापुरतं समई लावायचं ठरलं.

भाच्याची सोय आपोआप झाली. टीव्ही प्रत्येक पोर्टची सेटिंग वेगळी लक्षात ठेवतो. मॅच सेट टॉप बॉक्सवरून, तिथं त्याचं 'व्हिव्हिड' सुखानं नांदतंय.

गेल्या शनिवारी 'कागज के फूल' पुन्हा लावला. सगळे दिवे बंद, पडदे ओढलेले. रिकाम्या स्टुडिओत वरून तो उजेडाचा झोत येतो, मूर्तींनी बाहेरचं ऊन आरशांवरून आत घेऊन केलेला. झोतात धूळ तरंगताना दिसली, कणाकणानं. ती धूळ की फिल्मचा ग्रेन, ते मला सांगता येईना, आणि मी पुढं सरकून बघायला लागलो तेवढ्यात दार वाजलं.

शेजारच्या काकू, हातात टॉर्च. "भाऊजी, तुमच्याकडचीच लाइट गेलीय का? आमच्याकडं आहे म्हणून विचारलं."